'लोकशाहीने' म्हणजे कसे?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही एका शब्दावर बोलणार आहोत. बोनसवर नाही, महागाईभत्त्यावर नाही, एका शब्दावर. तुम्ही म्हणाल, शब्दावर बोलायला हे काय पंतोजी लागून गेले? खरं आहे. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा साच्यावर झाली. पण हा शब्द आपल्या कपाळावर इतक्या वेळा मारला गेला आहे, की तो एकदा हातात घेऊन, उलटापालटा करून बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

तो शब्द म्हणजे 'लोकशाहीने'. कोणी 'लोकशाही मार्गाने' म्हणतो, कोणी 'लोकशाही पद्धतीने' म्हणतो. माल तोच, छाप निराळी. "मोर्चा लोकशाहीने काढा." "मागणी लोकशाही मार्गाने मांडा." "हा निर्णय लोकशाही पद्धतीने झाला आहे, आता गप्प बसा." नोटिशीत हा शब्द, मंत्र्याच्या भाषणात हा शब्द, आणि खोटं कशाला बोला, आपल्या युनियनच्या हँडबिलातही हाच शब्द! जो तो वापरतो. मग याचा अर्थ काय, हे विचारायला नको?

आमचे मास्तर फळ्यावर तीन वाक्यं लिहायचे. हळू चाल. नीट बांध. लवकर ये. आणि विचारायचे, "कसं चाल? कसं बांध?" जो शब्द 'कसं' या प्रश्नाचं उत्तर देतो, तो क्रियाविशेषण. तो क्रियापदाला धरून राहतो. काम कोणी केलं, काय केलं, ते तो सांगत नाही. काम कसं झालं, एवढंच सांगतो. 'लोकशाहीने' हे तसं नामाचं रूप, पण वाक्यात काम करतं ते क्रियाविशेषणाचं. लोकशाहीने ठरवा. कसं ठरवा? लोकशाहीने.

मास्तर आणखी एक गोष्ट सांगायचे. विशेषण बदलतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोर. पण 'हळू' बदलत नाही. राजा हळू चालला, दासी हळू चालली, पोरं हळू चालली. 'हळू' तो 'हळू'च. म्हणून त्याला अव्यय म्हणतात. बंधूंनो, आमचं आजचं सगळं भाषण या एका गोष्टीवर उभं आहे. 'लोकशाहीने' हा शब्द माणूस बघून बदलता कामा नये. आमच्यासाठी एक अर्थ आणि सरकारसाठी दुसरा, असं चालणार नाही. आणि सरकारसाठी एक अर्थ आणि आमच्यासाठी दुसरा, असंही चालणार नाही! हे दुसरं वाक्य नीट ध्यानात ठेवा. शेवटी त्याच्यावर यायचं आहे.

आता या शब्दाच्या शेजारी तीन शब्द उभे असतात. शांततेने, कायद्याने, बहुमताने. तिघेही भले शब्द. पण हे तिघे 'लोकशाहीने'चा अंगरखा घालून फिरतात आणि आपण फसतो. एकेकाला बघू.

पहिला, शांततेने.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला. त्यानंतर महाराष्ट्र निराळा, गुजरात निराळा आणि मुंबई शहर निराळं, अशी त्रिराज्य योजना पुढे आली. म्हणजे ज्या मुंबईत आपल्या आजा-बापांनी कोकणातून, घाटावरून येऊन भोंग्याच्या तालावर हाडं झिजवली, ती मुंबई महाराष्ट्राबाहेर! २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्या बंद पडल्या. गिरणगावातून माणूस फ्लोरा फाउंटनकडे चालला. विधानसभेत आपल्याविषयी बोलणं चालू होतं, ते आपलं म्हणणं सांगायला माणूस चालला होता. तिथे गोळी चालली. १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळी चालली. दोन्ही मिळून शंभरावर माणसं गेली. त्यांत आपल्या गिरण्यांतली किती होती, ते गिरणगावाच्या चाळींना ठाऊक आहे. फ्लोरा फाउंटनला आपण हुतात्मा चौक म्हणतो ते उगीच नाही.

त्या वेळी आपल्याला बजावलं होतं, लोकशाहीने वागा. त्याचा अर्थ होता, शांत राहा. बरं, शांतता हवीच. आपल्याही हातून त्या दिवसांत दगड गेले. काही दगड गरीब गुजराती शेजाऱ्याच्या दुकानावर पडले. ते चूकच होतं. मुंबई त्याने हिरावून घेतली नव्हती. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत त्याचीही पोरं स्वतःच्या राज्यासाठी गोळीला बळी पडली. पण शांततेने वागण्याचा हुकूम फक्त मोर्चाला लागू, आणि बंदुकीला लागू नाही, हा कुठला न्याय? आणि माणूस शांत आहे म्हणजे त्याला विचारलं गेलं, असं होत नाही. पाळी संपल्यावर साचेखातंही शांत असतं. म्हणून काय तिथे सभा झाली म्हणायचं?

दुसरा शब्द, कायद्याने.

घटनेचं तिसरं कलम आहे. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. त्याआधी ते विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्यायला पाठवायचं, एवढंच बंधन. मत मानायचं बंधन नाही. १९५६ साली विधेयक मुंबईच्या विधिमंडळाकडे आलं, तेव्हा त्यात मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन तुकडे होते. पुढे ऑगस्टमध्ये लोकसभेने ते बदललं आणि महाराष्ट्र, गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ सगळं एकत्र बांधून द्विभाषिक राज्य केलं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अमलात आलं. हा नवा बेत परत विधिमंडळाकडे मत विचारायला गेला का? नाही गेला. एक गृहस्थ कोर्टात गेले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पुन्हा विचारण्याची कायद्याने गरज नव्हती.

कोर्टाचा निकाल आम्हाला मान्य आहे. कायद्याने झालं, कबूल. पण लोकशाहीने झालं का? ज्याच्या अंगावर कपडा चढवायचा त्याचं माप दुसऱ्याच कपड्यासाठी घेतलं, आणि शिवला भलताच! मराठी माणसाला तो नको होता, गुजराती माणसाला तो नको होता. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पेट्या भरून दाखवल्या, तिकडे महागुजरात परिषदेनेही आपलं बळ दाखवलं. तेव्हा कुठे दिल्लीच्या ध्यानात आलं. कायद्याने १९५६ मध्ये जे करता आलं, ते लोकांनी १९५७ मध्ये मोडीत काढलं, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, गुजरातही झाला. हे मात्र लोकशाहीने झालं! अंगठा लावणाऱ्या म्हातारीने चिन्ह बघून पेटीत मत टाकलं, त्याने झालं. म्हणून या शब्दाला कोणी हसू नका. त्याच शब्दाने आपल्याला मुंबई दिली.

कायद्याचं दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. मुंबई इलाख्याचा १९४६ चा औद्योगिक संबंधांचा कायदा. मालकाशी बोलणी करायचा हक्क एका 'प्रातिनिधिक' युनियनला. ती कोणती, ते कसं ठरायचं? कामगाराला चिठ्ठी देऊन, "बाबा, तुझी युनियन कुठली?" असं विचारून नव्हे. दप्तरातल्या सभासद-यादीवरून. एकदा शिक्का बसला की कामगार दुसऱ्या झेंड्याखाली उभा राहिला तरी बोलणी पहिल्याच युनियनशी. १८ जानेवारी १९८२ ला जो मोठा संप सुरू झाला, त्यात पगाराबरोबर हा कायदा रद्द करा, ही मागणी होती. दोन लाखांवर कामगार बाहेर होता, आणि तरी कागदावर त्याच्या वतीने बोलणारा दुसराच होता. कायद्याने, बरं का! सगळं कायद्याने!

तिसरा शब्द, बहुमताने. हा सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवा.

आता आपल्या घरातली गोष्ट सांगतो. आवडणार नाही, तरी ऐका. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याला पगार बरा. पण त्या खात्यात अस्पृश्य म्हटलेल्या कामगाराला पाऊल ठेवू देत नसत. कारण काय? कांडीतला धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढायचा. त्याने ओठ लावलेल्या धोट्याला आम्ही ओठ कसा लावावा? हे कोणी ठरवलं होतं? मालकाने एकट्याने नव्हे. साचेवाल्यांच्या बहुमताने. तिथे हात मोजले असते तर शंभरात नव्वद वर गेले असते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. ही मागणी यादीत घ्यायला पुढारी आधी राजी नव्हते. मालकाकडे न्याय मागताना शेजारच्या खात्यातल्या भावाला न्याय द्यायला आपले हात आखडले! त्या बहुमताला 'लोकशाहीने' म्हणायची आमची जीभ वळत नाही. ज्याच्या भाकरीचा निर्णय, तोच त्या खोलीच्या बाहेर उभा होता.

त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं, की घटनेचे मार्ग मोकळे असताना रक्तपाताचे मार्ग सोडा. सत्याग्रहसुद्धा बाजूला ठेवा. आपल्यापैकी पुष्कळांना हे कडू लागलं. आपण तर सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पण त्यांच्या बोलण्यातली अट बघा. मार्ग मोकळे असताना! म्हणजे मार्ग मोकळा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या हातात किल्ली आहे त्याची, आणि मोकळा असेल तर त्याच मार्गाने जाण्याची जबाबदारी आपली. दोघांना एकच शब्द लागू.

मग शांततेने नव्हे, नुसतं कायद्याने नव्हे, नुसतं बहुमताने नव्हे, तर 'लोकशाहीने' म्हणजे कसं? आम्ही अडाणी माणसं, आम्ही तीन प्रश्नांवर परीक्षा करतो. ज्याच्यावर निर्णय बसणार, त्याला त्याच गोष्टीविषयी विचारलं का? त्याला न भिता 'नाही' म्हणता आलं का? आणि जे उत्तर आलं, ते विचारणाऱ्याने मानलं का? तिन्हींना 'होय' असेल तर 'लोकशाहीने' म्हणा. नाहीतर दुसरा शब्द शोधा.

आता हा शब्द आपल्यालाच कसा लागतो, ते गोव्यावरून बघा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. आपल्याला वाटलं, गोवा आता महाराष्ट्रात येणारच. १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. आपण म्हणालो, झालं, कौल मिळाला! पण गोव्यातली दुसरी बाजू म्हणाली, निवडणूक निराळी आणि हा प्रश्न निराळा. हाच प्रश्न आम्हाला सरळ विचारा. संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदानाआधी बांदोडकर मुख्यमंत्रिपदावरून बाजूला झाले, म्हणजे सत्तेचा दाब नको. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात, दोन पानांवर शिक्का म्हणजे केंद्रशासित. फुलाला १,३८,१७० मतं पडली. दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी आपण हरलो.

बंधूंनो, त्या दिवशी मराठी माणसाला वाईट वाटलं. कोकणी ही आपल्या घरचीच बोली, असं आपण म्हणत होतो. गोव्यातल्या माणसाने सांगितलं, माझं घर मी ठरवीन. आणखी गंमत बघा. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं! म्हणजे माणूस हवा, पक्ष हवा, पण विलीनीकरण नको. आडाख्यावरून हे कधी कळलं असतं का? विचारलं म्हणून कळलं. आम्ही म्हणतो, आपण हरलो ते लोकशाहीने हरलो, म्हणून तो कौल मानला. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. त्याच्याशी आपलं भांडण नाही.

आणि हा कौल आम्ही मानला, म्हणूनच बेळगावविषयी छाती वर करून बोलायचा आम्हाला हक्क आहे!

बेळगावचा प्रश्न काल-परवाचा नाही. १२ मे १९४६ ला बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. जिथे ठराव झाला, तेच गाव बाहेर राहिलं. १७ जानेवारी १९५६ ला तिकडेही गोळी चालली, तिकडेही हुतात्मे झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, कारवार, निपाणी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. सीमाभागाने पुढच्या निवडणुकांत पुन्हा पुन्हा समितीचे उमेदवार निवडून दिले. १९६६ साली सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा महाजन आयोग नेमला गेला. १९६७ ला अहवाल आला, बेळगाव शहर महाराष्ट्राला नाही. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

या सगळ्या वर्षांत आयोग झाला, बैठका झाल्या, नकाशे झाले. पण गोव्याला जसा कागद दिला, फूल की पानं, तसा कागद बेळगावच्या, निपाणीच्या, खानापूरच्या माणसाच्या हातात कधी पडला का? कधीच नाही. गोव्याला विचारता येतं, मग बेळगावला का विचारता येत नाही? अव्यय बदलत नाही ना? मग पणजीत 'लोकशाहीने'चा अर्थ एक आणि बेळगावात दुसरा, हे कुठलं व्याकरण?

खेडं हा घटक धरा, गावं एकमेकांना लागून आहेत का बघा, भाषा कोणती बघा, आणि लोकांची इच्छा बघा. महाराष्ट्राची मागणी हीच आहे. आणि याच न्यायाने जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कानडी गावाला तिकडे जायचं असेल, तर त्यालाही विचारा! त्याने 'जातो' म्हटलं तर नारळ देऊन पाठवा. गिरणीत आपल्या शेजारच्या साच्यावर कानडी भाऊ असतो. त्याच्याशी आपलं वैर नाही. त्याच्या गावाला नाकारायचं आणि आपल्या गावासाठी मागायचं, हे आम्हाला जमणार नाही.

आता शेवटचं, आणि तुम्हाला-आम्हाला सर्वांत अवघड.

आमच्याच एका गेट-सभेची गोष्ट. एका खात्यात दोनाचे चार साचे चालवायला सांगितले. आम्ही पुढारी तापलो. गेटवर सभा घेतली. "उद्यापासून संप! मंजूर?" "मंजूर!" असा आवाज झाला की रस्त्यावरची कबुतरं उडाली. आम्ही खूश. हँडबिलात छापलं, 'लोकशाही पद्धतीने एकमताने ठरले.' संप चार दिवसांत ढेपाळला. का? चाळीत फिरलो तेव्हा कळलं. एक बदलीवाला म्हणाला, "दादा, तुम्ही कायम. मी बदली. माझं नाव यादीतून गेलं की संपलं. पण सगळे ओरडत असताना मी एकटा 'नाही' कसा म्हणू? मार खायचा होता का?" वाइंडिंगच्या एक बाई म्हणाल्या, "आमची सुट्टी अर्ध्या तासाने झाली. सभेला आलो तोवर तुमचं ठरूनही गेलं होतं."

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. दिल्लीला जे प्रश्न आम्ही विचारत होतो, तेच त्या दोघांनी आम्हाला विचारले होते. ज्याच्यावर निर्णय बसणार, त्याला विचारलं नाही. 'नाही' म्हणायची सोय ठेवली नाही. आणि वर छाप मारली 'लोकशाही पद्धतीने'!

पुढच्या वेळी आम्ही चिठ्ठ्या काढल्या. खाऊचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली. संप हवा तर फुली, नको तर गोल. बदलीवाल्याला चिठ्ठी, बायांना चिठ्ठी, त्यांच्या सुट्टीच्या वेळेला त्यांच्या दारात डबा. मोजणी सगळ्यांदेखत. आणि काय सांगावं, आम्ही हरलो! गोल जास्त निघाले. आमच्यातले दोघे-तिघे म्हणाले, "डबा फेका, पुन्हा सभा घ्या, आवाजी घेऊ." पण ज्या तोंडाने बेळगावचा कौल मागायचा, त्या तोंडाने डब्यातला कौल गिळता येईना. संप नाही केला. मालकाकडे शिष्टमंडळ नेलं, आणि त्यात या खेपेला तो बदलीवाला होता, त्या बाई होत्या. चार साचे मागे गेले नाहीत. तीनवर तडजोड झाली. पूर्ण जिंकलो नाही. पण त्यानंतर युनियनची वर्गणी मागायला दारात गेलो, तर कोणी दार लावून घेतलं नाही.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, या शब्दाला भिऊ नका आणि त्याने फसूही नका. पुढे कोणी म्हणाला, "हे लोकशाहीने ठरलं आहे," तर मास्तरांसारखं विचारा, कसं? कोणाला विचारलं? 'नाही' म्हणता आलं का? उत्तर मानलं का? मंत्र्याला विचारा, मालकाला विचारा, आणि आमच्यासारखा पुढारी या फळीवर उभा राहून म्हणाला, तर त्यालाही विचारा! आधी त्यालाच विचारा.

१९५७ साली आपल्या आयाबापांनी मतपेटीने मुंबई राखली. १९६७ साली गोव्याने मतपेटीने आपल्याला 'नाही' म्हटलं, तेही आपण ऐकलं. आता बेळगावच्या हातात तोच कागद द्या, एवढंच आमचं मागणं. तो काय म्हणेल, ते त्याला म्हणू द्या. आमची खात्री आहे तो काय म्हणेल त्याची. ज्यांची खात्री नाही, तेच विचारायला भितात!

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! आणि लोकशाहीने झाला पाहिजे!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!